डॉक्टरांच्या न चालणाऱ्या गाड्या

बुलढाण्यात मला खोली मिळाली ती एका काचेच्या अटीवर.

एकट्या मुलीला खोली हवी म्हटल्यावर घरमालक काय काय विचारतात ते मी आठवडाभर ऐकलं होतं. गाव कोणतं, वडील काय करतात, घरी कोण कोण येणार, मटण शिजवणार का. मी संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून नुकतीच लागलेली. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ करून मी या घरी गेले, तर घरमालकांनी त्यातला एकही प्रश्न विचारला नाही. उंच, किडकिडीत माणूस. कपाळावर दुर्बिणीसारखा चष्मा सरकवलेला. खाली त्यांचा दवाखाना होता, दातांचा. मला वरची खोली दाखवायला घेऊन गेले ते सरळ पश्चिमेच्या खिडकीजवळ जाऊन थांबले आणि वरच्या काचेवर बोट ठेवून म्हणाले,

"ही काच माही राहीन. बाकी खोली तुही."

"काचेचं काय करसान तुमी?"

"ऊन पाह्यजे मले. खालच्या खिडक्याइले निंबाची सावली हाय."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पातळ चिमट्यात धरून एक चतकोर कागद घेऊन आले आणि त्या काचेवर चिकटपट्टीने लावून गेले. पिवळाजर्द पडलेला कागद, त्याच्यावर बारीक अक्षरं, पट्टे, आकडे, एक पंख पसरलेला पक्षी. गाडीवर लावायचे स्टिकर आहेत आणि उन्हानं ते पांढरे होतील, एवढंच त्यांनी सांगितलं.

"ऊन तं कागद पिवळा करते, डॉक्टर."

"कागद करते. हे कागद नाई. पाहात राह्य."

मी पाहत राहिले. माझं कामच पाहत राहण्याचं होतं. दिवसभर काचेच्या नळीत रंग बदलतो का ते बघायचं. पण संध्याकाळी घरी आल्यावरही मी चपला काढायच्या आधी त्या काचेकडे बघायला लागले. पिवळ्याचं फिकं झालं, फिक्याचं दुधी झालं, आणि एक दिवस तो पक्षी असा पांढऱ्यावर लख्ख उठून आला, की मी स्वतःच कागद सोडवून खाली घेऊन गेले. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांची मागची खोली पाहिली.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांना सांगते. परदेशात पूर्वी मुलांसाठी खोक्यातून प्लॅस्टिकच्या गाड्या यायच्या. गाडी तयार नसायची, तिचे सुटे भाग असायचे. बोनेट वेगळं, दारं वेगळी, इंजिनाचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे वेगळे, सगळे एका प्लॅस्टिकच्याच चौकटीला लटकलेले. डॉक्टर त्या चौकटीला झाड म्हणत. झाडावरून भाग तोडायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा, की हाताच्या पंजाएवढी गाडी तयार. डॉक्टर अशी जुनी खोकी गोळा करायचे. पण त्यापेक्षा जास्त त्यांचा जीव होता तो कोणीतरी पूर्वीच जोडून बिघडवून ठेवलेल्या गाड्यांवर. कुठल्याशा देशातल्या पोराने पन्नासेक वर्षांपूर्वी गोंदाची अख्खी नळी पिळून जोडलेली, ब्रशने हिरवी केलेली, चाकं तिरपी बसलेली, एक दार हरवलेलं, अशी गाडी ते इंटरनेटवर शोधून मागवायचे. पार्सल आलं की पेशंटला खुर्चीवर तोंड उघडं ठेवायला लावून बाहेर सही करायला यायचे.

"अशी तुटेल फुटेल काऊन घेता? चांगल्या बी भेटत असतीन," मी एकदा विचारलं.

"चांगल्या दाताले कोनी डॉक्टरकडं आनते का?"

या उत्तरावर ते स्वतःच खूश झाले आणि मला लिमलेटची गोळी दिली. ती ते प्रत्येकालाच देत. दातांच्या डॉक्टरने गोळ्या वाटाव्यात याचं काकूंना फार हसू यायचं.

काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला फटकळ. त्यांचं आणि गाड्यांचं भांडण मुख्यतः फ्रिजवरून होतं. जुन्या गोंदाचा सांधा हाताने ओढला तर प्लॅस्टिकच मोडतं. पण गाडी काही दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवली की गोंद ठिसूळ होतो आणि नखाने टिचकी मारली तरी सांधा कट्कन सुटतो. त्यामुळे काकूंच्या फ्रिजात मटारच्या पिशवीशेजारी नेहमी एखादी बर्फाळलेली गाडी पार्क केलेली असायची. एकदा धामणगाव बढ्याहून डॉक्टरांची बहीण आली होती. आइस्क्रीम काढायला गेली आणि डबीत हात घालून बघते तर आत चार चाकं.

"वहिनी, हे काय वो?"

"तुमच्या भावाचं गॅरेज," काकू म्हणाल्या. "कुल्फी मटारच्या मागं हाय."

जुना रंग काढायला गाडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायची. खरवडलेली, धुरकट झालेली काच टूथपेस्ट लावून घासायची. टूथपेस्टचे नमुने कंपनीवाले दवाखान्यात ठेवून जात, ते सगळे गाड्यांच्या काचांना लागायचे आणि घरची माणसं विकतची वापरायची. हरवलेला भाग तर ते अगदी आपल्या धंद्याच्या रीतीने बनवत. कवळीसाठी हिरडीचं माप घ्यायची जी मऊ पुट्टी असते, तिच्यात शाबूत बंपरचा ठसा घ्यायचे आणि त्या ठशात कवळीची पावडर कालवून ओतायचे. त्यामुळे रंग देण्याआधी त्यांच्या गाड्यांचे बंपर, आरसे, दिव्यांच्या कडा हिरडीसारख्या गुलाबी दिसायच्या. मला ते फार आवडायचं. एखाद्या गाडीला नुकता जबडा बसवलाय असं वाटायचं.

"दात अन् पॅलास्टिक," ते म्हणायचे, "दोघाइले घाई चालत नाई." चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला की त्यांना हाक मारलेली ऐकू येत नसे.

एवढा गाड्यांचा नाद, पण माणूस स्वतः सायकलवर फिरायचा. गाडी कधी घेतली नाही, चालवायला शिकले नाहीत. रस्त्यात मात्र कुठलीही जुनी गाडी उभी दिसली की सायकल स्टँडवर लावून गुडघे टेकायचे आणि तिच्या पोटाखाली डोकं घालायचे. ड्रायव्हर बिचारे आधी घाबरायचे, साहेब तपासणीला आलेत म्हणून. मी एकदा त्यांच्यासोबत बाजारात होते तेव्हा एका काळीपिवळी जीपखालून त्यांचा आवाज आला, "पाहाय, सायलेन्सर डावीकडून गेला." मला वाकून बघावंच लागलं. बाजारातली माणसं आम्हा दोघांचे पाय बघत उभी होती.

त्यांच्या हातच्या गाड्यांमधली मला सगळ्यात जास्त आठवते ती परदेशी नव्हती. म्हणजे मुळात परदेशीच, पण त्यांनी तिला देऊळघाटची करून टाकली होती.

देऊळघाटचे सलीमभाई त्यांचे जुने पेशंट. वरची कवळी डॉक्टरांनीच बसवलेली. आयुष्यभर त्यांनी बुलढाणा ते देऊळघाट आणि पुढच्या खेड्यांत जीप चालवली होती. जीप भंगारात गेली तेव्हा कवळी घट्ट करून घ्यायच्या निमित्ताने आले आणि खुर्चीवर बसून दातांबद्दल काहीच बोलेनात. गाडीबद्दलच बोलत राहिले. पोरांनी सांगितलं होतं की आता तिचे भागसुद्धा मिळत नाहीत, अंगणात उभी ठेवून काय करता. डॉक्टर ऐकत होते. त्यांनी विचारलं, मागची बाजू किती लांब करून घेतली होती? टपावरचं कॅरिअर लोखंडी की पाइपाचं? सलीमभाई हवेत हातांनी दाखवत गेले.

डॉक्टरांनी दोन सारख्या जीपची खोकी उघडली. एकीचं पुढचं, एकीचं मागचं, मधे पट्ट्या भरून गाडी ताणून लांब केली. मागे लोक उभे राहायचे ती फळी केली, टपावर पोती केली, स्टेपनी केली. काही आठवड्यांनी सलीमभाईंना बोलावलं. माझी सुट्टी होती, मी मुद्दाम थांबले. सलीमभाईंनी गाडी हातात घेतली नाही. खाली वाकून, टेबलाच्या उंचीला डोळे आणून, चारी बाजूंनी पाहिली. डॉक्टर शाळेतल्या पोरासारखे निकालाची वाट बघत उभे.

"सब बराबर है, डाक्टरसाब," सलीमभाई शेवटी म्हणाले. "मगर इसको धोया कायको?"

"धोया?"

"इत्ती साफ तो ये शादी में भी नई रहती थी."

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्याच दिवशी सायकलवरून देऊळघाटच्या रस्त्याची धूळ कागदाच्या पुडीत आणली. काकूंच्या पीठ चाळायच्या वस्त्रगाळ फडक्यातून ती गाळली, आणि ब्रशच्या टोकाने चाकांच्या वर, दाराच्या खाली, मागच्या फळीवर बसवली. काकूंनी ते फडकं पुन्हा पिठाला लावलं नाही, पण फेकूनही दिलं नाही. गाडी सलीमभाई घेऊन गेले. त्यांच्या टीव्हीवर ठेवली आहे, कोणी पुसायला गेलं की ओरडतात, असं डॉक्टर मोठ्या अभिमानाने सांगायचे.

यानंतर एका सकाळी मी कामाला निघाले तर डॉक्टर शिडीवर चढून दवाखान्याची पाटी काढत होते.

मला वाटलं रंगवायला काढताहेत. पण दवाखाना त्या दिवशी उघडला नाही, नंतरही नाही. चालता दवाखाना होता. बाहेर बाकावर नेहमी माणसं गाल धरून बसलेली असायची. लोकांनी तर्क केले. मुलगी मुंबईला आहे, तिकडे चालले. काहीतरी केस झाली. काही म्हणाले, गाड्यांच्या वेडात धंदा सोडला, म्हातारपणी माणूस पोरकट होतो. डॉक्टर कोणालाच काही सांगेनात. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्याइलेच इचार. मले तं म्हने थकलो."

मी विचारलं. मला कुतूहल गप्प बसू देत नाही, आणि डॉक्टरांना ते माहीत होतं. दुपारची वेळ होती. मागच्या खोलीत ते नुसतेच बसले होते, समोर एक गाडी, दारं लावलेली, रंग झालेला.

"हे पाहाय," ते म्हणाले. चिमट्यात त्यांनी दाराचं हँडल उचललं. तांदळाच्या कणीएवढं. ते दाराजवळ नेलं. दारापाशी पोचल्यावर चिमटा थरथरला आणि कणी टेबलावर पडली. पुन्हा उचलली. पुन्हा पडली.

"कवापासून?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले असतीन. मोठ्या कामात समजत नाई. दात काढताना बी समजलं नसतं आनखी साल दोन साल. पन हे खोटं बोलत नाई," त्यांनी कणीकडे बोट दाखवलं. "हे पडलं तं टेबलावर पडते. मानसाच्या तोंडात माह्या हातातून काई पडलं तं?"

मी लॅबमधली मुलगी, मला तो कंप कसला असेल याचा थोडा अंदाज होता. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे दाखवा म्हटलं. ते दाखवून आलेलेच होते. गोळ्या सुरू होत्या. रोग हळू चालणारा होता, पण उलटा फिरणारा नव्हता.

"काकूले सांगतलं?"

"सांगन," ते म्हणाले. पण ते सांगण्याची गरजच पडली नाही. चहाचा कप बशीवर वाजायला लागला की बायकोला काय कळायचं राहतं? काकू त्या दिवसापासून चहा पेल्यातून द्यायला लागल्या, अर्धा भरून.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती कपाटावर होती.

त्या खोलीत सगळ्यात उंच कपाटाच्या माथ्यावर, मऊ कापडात गुंडाळलेलं एक खोकं होतं. ते एकमेव खोकं त्यांनी कधी उघडलं नव्हतं. कारखान्यातून निघालं तेव्हाचा पारदर्शक कागद त्याच्यावर तसाच होता. झाकणावर चित्र होतं: लांबलचक लाल गाडी, छत नाही, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख, आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक गोरी बाई गाडी चालवते आहे.

डॉक्टर लहान असताना धामणगाव बढ्यात त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. वडिलांच्या कोणा मित्राने बाहेरून येताना अगदी हेच खोकं पोरासाठी आणलं होतं. पोराने चित्र पाहिलं, झाकण काढलं, आणि आत गाडी नव्हतीच. नुसते तुकडे. रडायचं की हसायचं ते समजेना, असं डॉक्टर सांगायचे. खोक्यातला गोंद वाळून गेलेला. गावात पतंगाची खळ मिळायची, त्या खळीने त्याने गाडी जोडली. ती दुसऱ्या दिवशी शेजारच्यांना दाखवायला उचलली तर हातातच सुटी झाली. पोरं हसली. वडिलांनी तुकडे गोळा करून कुठे टाकले ते कळलं नाही.

मोठेपणी, पैसे मिळवायला लागल्यावर, हेच खोकं त्यांनी वर्षानुवर्षं शोधलं. मिळालं तेव्हा उघडायचं धाडस होईना. आपला हात अजून तेवढा बसलेला नाही असं त्यांना वाटायचं. आधी इतर गाड्या करू, हात पक्का होऊ दे, मग हे. एकेक गाडी करत गेले. प्रत्येक गाडीनंतर वाटायचं, अजून थोडं. आणि हात जेव्हा त्यांच्या मनासारखा झाला, तेव्हाच तो थरथरायला लागला.

"आता नाई व्हत मायाच्यानं," ते मला म्हणाले. "देऊन टाकतो. पुन्याचा एक पोरगा हाय, लय दिवसाचा मागे लागला. जपून तं ठेवीन."

तो पुण्याचा तरुण एका रविवारी आला. सभ्य, हळू बोलणारा, बॅगेत पांढरे सुती हातमोजे घेऊन आलेला. त्याने ते मोजे घालून खोकं फिरवून फिरवून पाहिलं. कोपरे पाहिले, वरच्या कागदाची शिवण पाहिली. "सर, असा पीस मी प्रत्यक्षात कधीच पाहिला नव्हता," तो म्हणाला. "मी तुम्हाला शब्द देतो, हे सील मी कधीच तोडणार नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. पण "कधीच" या शब्दावर त्यांच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं ते मी पाहिलं. काकूंनीही पाहिलं असावं. त्या सगळ्यांसाठी पोहे घेऊन आल्या होत्या. ताटली ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"म्हंजे याच्यात काय हाय ते कोनीच पाह्यनार नाई?" त्यांनी विचारलं.

"काकू, न उघडलेलं आहे म्हणूनच त्याला किंमत आहे," पुण्याच्या तरुणाने समजावलं.

"किती सालापासून मी याच्याखालून झाडू मारून राह्यली. कपाट हलवलं तं पह्यले हे उतरवा. घर बदललं तं हे मांडीवर. अन् आत काय हाय ते मले बी दिसनार नाई, याइले बी नाई, तुले बी नाई?" त्या डॉक्टरांकडे वळल्या. "काऊन वो? तुमाले पाह्यचं नाई?"

डॉक्टर खोक्याकडे वळले. मग इतक्या लहान आवाजात बोलले की मला आधी वाटलं ते स्वतःशीच बोलताहेत.

"पाह्यचं तं हाय."

काकूंनी पोह्यांचा चमचा खाली ठेवला, पदराला हात पुसले, आणि अंगठ्याचं नख घालून तो कागद उभा फाडला. पुण्याचा तरुण "अहो!" म्हणून खुर्चीतून उठला. तोवर झाकण निघालं होतं.

आम्ही चौघं वाकलो. आतून जुन्या मेणासारखा वास आला. लाल झाडं, चकचकीत रुपेरी झाडं, सगळं जिथल्या तिथे. आणि मधोमध, पिशवी फाटून, चारही टायर गाडीच्या पुढच्या काचेवर बसलेले. नुसते बसलेले नव्हते, काचेत उतरलेले होते. त्या टायरचं रबर आणि हे प्लॅस्टिक वर्षानुवर्षं एकमेकांना टेकून राहिलं, की रबरातलं तेल सुटतं आणि प्लॅस्टिक विरघळतं. काचेवर चार काळी, खोल भोकं पडली होती. डॉक्टरांना हे चांगलं माहीत होतं. दुसरं कुठलंही खोकं आलं की पहिल्या दिवशी ते टायर बाजूला काढून ठेवायचे. याचंच सील तोडायचं नव्हतं.

पुण्याच्या तरुणाने हातमोजे काढले. त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. "म्हणजे हे असंच होतं आत," तो म्हणाला. "इतकी वर्षं."

आणि डॉक्टर हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अजून धा वर्षं जपलं असतं, तं डब्यात नुसतं डांबर भेटलं असतं!"

तो तरुण पोहे खाऊन, खोक्याचे फोटो काढून गेला. पैशांचा विषय निघालाच नाही.

प्रश्न उरला तो गाडी करायची कोणी. डॉक्टर म्हणाले राहू द्या. काकूंनी ऐकलं नाही. त्या बाई उन्हाळ्यात पाटावर बसून जिऱ्याएवढे गव्हले वळायच्या, सगळे एका मापाचे, आणि वळताना आमच्याशी बोलतही असायच्या. त्यांनी चिमटा हातात घेतला, एक तुकडा उचलला आणि विचारलं, "हे कुठी?"

पुढचे काही महिने मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेदार भांडणं ऐकली. टेबल जेवायचं, त्यावर मेणकापड, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. डोकं डॉक्टरांचं, हात काकूंचा. डॉक्टर सांगायचे, "घास, पन दाबू नको," आणि काकू म्हणायच्या, "तुमी श्वास घेऊ नका माह्या कानात." काचेसाठी डॉक्टरांनी बंद दवाखाना उघडायला लावला. तिथे एक यंत्र होतं, पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा तापवून दातांच्या साच्यावर ओढून बसवायचं. मुलांच्या दातांना टोप्या करायचं. काकूंनी त्याच्यावरचा कपडा झटकला आणि डॉक्टर सांगतील तसतसा पत्रा तापवून, भोकं बुजवलेल्या जुन्या काचेवर ओढला. दातांच्या टोपीची काच गाडीला अशी फिट बसली, की डॉक्टरांनी लिमलेटची गोळी काढून काकूंच्या हातावर ठेवली.

रंगावरून मोठं वाजलं. काकूंनी वांगी रंग आणला.

"डब्यावर लाल हाय," डॉक्टर म्हणाले.

"डब्यावर तं गोरी बाई बी हाय. ते बी आनू?"

चाकांवरून त्याहून मोठं. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे चाकं चिकटवून टाकायची असतात, नाहीतर एखादं चाक अधांतरी राहतं आणि गाडी तिरपी दिसते. त्यांच्या कपाटातल्या एकाही गाडीचं चाक फिरत नव्हतं. काकू म्हणाल्या, "फिरत नाई ते चाक कायचं?" आणि गोंद न लावता अॅक्सल तेवढा मोकळा ठेवला. डॉक्टर दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच अॅक्सलला लावायला शिवणयंत्राचं तेल घेऊन आले.

गाडी झाली त्या दिवशी मी कामावरून आले तर दोघं टेबलाशी बसलेली. मला बोलावलं. वांगी रंगाची लांब गाडी, मागे पंख, रुपेरी कडा. डॉक्टरांनी चष्मा ओढून सगळ्या बाजूंनी पाहिली. मी त्यांच्याकडे बघत होते. डाव्या दाराशी रंगाचा एक ओघळ होता, तो त्यांना दिसलेला मला दिसला. पण ते चष्मा वर सरकवून म्हणाले, "ठेवा आता काचेच्या कपाटात."

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. त्यांनी गाडीच्या मागे एक बोट ठेवलं आणि ढकललं.

गाडी निघाली. मेणकापडावरून, साखरेच्या बरणीला वळसा घालून, सरळ टेबलाच्या डॉक्टरांकडच्या कडेकडे. "अवं! अवं!" म्हणत डॉक्टर पुढे झाले. दोन्ही हात थरथरत होते. गाडी कडेशी आली आणि त्या हातांत येऊन थांबली.

त्यांनी ती उचलली नाही. तशीच वळवली, नाक काकूंकडे केलं. हात हलत होता म्हणून गाडीही हलत होती, चालू इंजिनाची हलते तशी. मग त्यांनी ढकललं. गाडी तिरपी गेली आणि बरणीला जाऊन थडकली.

"जोरात ढकला की!" काकू म्हणाल्या.

"राजूर घाट हाय हा. हळूच न्या लागते," डॉक्टर म्हणाले, आणि मग मान खाली घालून, तोंड न उघडता, त्यांनी गळ्यातून आवाज काढला, घुर्रर्रर्र.

काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि दुसऱ्या हाताने बरणी बाजूला करत होत्या. मी टेबलावरचे चहाचे पेले उचलले आणि रस्ता मोकळा करून दिला.